डेटाबेसचा ॲडमिन पासवर्ड हरवला? मागचं दार उघडण्याची आणि पुन्हा लावण्याची रीत

जुना पासवर्ड सर्व्हरमधून परत मिळणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. कारण पहिले दोन तास लोक त्याच्याच मागे घालवतात. डेटाबेस सर्व्हर पासवर्ड जसाच्या तसा ठेवत नाही, त्याचा हॅश (पासवर्डवरून गणिताने बनवलेली अक्षरांची ओळ) ठेवतो, आणि हॅशवरून मूळ शब्द काढता येऊ नये यासाठीच ती सगळी व्यवस्था असते. म्हणजे आपल्याला पासवर्ड शोधायचा नाही, बदलायचा आहे.

बदलण्याचा अधिकार येतो मशीनच्या मालकीतून. डेटाच्या फाइल्स ज्याच्या ताब्यात आहेत आणि सर्व्हिस बंद-चालू करणं ज्याच्या हातात आहे, त्याच्यापुढे डेटाबेसचा पासवर्ड म्हणजे आपल्याच घरातल्या कपाटाचं कुलूप. मायएसक्यूएल, पोस्टग्रेस, मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर, ओरॅकल, या सगळ्या डेटाबेसांनी ही मागची वाट मुद्दाम ठेवलेली आहे. तुमच्याकडे त्या मशीनवर रूट, सुडो (लिनक्सवरचे सर्वाधिकार) किंवा विंडोज ॲडमिनिस्ट्रेटरचे हक्क हवेत. नसतील तर ज्याच्याकडे आहेत त्याला गाठा. आणि सर्व्हर तुमच्या एकट्याचा नसेल तर काय करणार, केव्हा करणार, याचा दोन ओळींचा मेल संबंधितांना आधी टाका. नंतर कोणी विचारलं की तोच उपयोगी पडतो.

प्रत्यक्ष पासवर्ड बदलणं हे दोन मिनिटांचं काम आहे. नुकसान होतं ते दार उघडं असतं त्या काळात आणि नंतर ते अर्धवट लावल्यामुळे. म्हणून या लेखात आज्ञांपेक्षा आधी-नंतरच्या गोष्टींवरच जास्त भर आहे.

एक खुलासा: आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या नेहमीच्या रोमन अक्षरांत टाइप करायच्या.

आधी बघा, खरंच हरवलाय का

‘पासवर्ड चालत नाही’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा पासवर्ड हरवलेलाच नसतो. एरर मेसेज शेवटपर्यंत वाचलेला नसतो, एवढंच.

मायएसक्यूएलचा नेहमीचा एरर १०४५, ‘ॲक्सेस डिनाइड’. त्याच्या शेवटी कंसात ‘यूझिंग पासवर्ड’ असं लिहून पुढे ‘येस’ किंवा ‘नो’ असतं. ‘नो’ असेल तर तुमच्या क्लायंटने (सर्व्हरशी जोडणाऱ्या प्रोग्रॅमने) पासवर्ड पाठवलेलाच नाही. डॅश पी द्यायचा राहिलाय किंवा स्क्रिप्टमधलं व्हेरिएबल रिकामं आहे. एरर १६९८ असेल तर त्या खात्याला बहुधा पासवर्डच नाही, ते ऑपरेटिंग सिस्टिमच्या यूझरवरून ओळख पटवतं. उबुंटूवरच्या मायएसक्यूएलमध्ये रूट खातं ऑथ सॉकेट प्लगइनवर असतं आणि मारियाडीबीने (मायएसक्यूएलपासूनच निघालेल्या डेटाबेसने) १०.४ पासून युनिक्स सॉकेट हीच मूळ पद्धत ठेवली आहे. अशा वेळी नुसतं ‘सुडो मायएसक्यूएल’ लिहून एंटर मारा. आत गेलात तर लेख इथेच संपला. आणि एरर २००२ असेल तर पासवर्डचा संबंधच नाही: सर्व्हर बंद आहे किंवा सॉकेट फाइलचा (त्याच मशीनवरून सर्व्हरशी जोडणाऱ्या फाइलचा) पत्ता चुकलाय.

पोस्टग्रेसमध्ये ‘पीअर ऑथेंटिकेशन फेल्ड’ असा मेसेज आला तर तोही पासवर्डचा प्रश्न नाही. तुम्ही लिनक्सवर एका नावाने आहात आणि डेटाबेसमध्ये दुसऱ्या नावाने शिरू बघताय, एवढंच तो सांगतो.

मग काही ठरलेल्या जागा धुंडाळा. सर्व्हरमधून पासवर्ड निघत नसला तरी क्लायंटच्या बाजूला कोणीतरी तो साध्या अक्षरांत लिहून ठेवलेला असण्याची शक्यता चांगली असते. मायएसक्यूएलसाठी होम फोल्डरातली डॉट-माय-डॉट-सीएनएफ, पोस्टग्रेससाठी डॉट-पीजीपास, ॲप्लिकेशनची डॉट-एन्व्ह फाइल, बॅकअपची स्क्रिप्ट, क्रॉनटॅब (ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी). डेबियन आणि उबुंटूवर ईटीसी फोल्डरातल्या मायएसक्यूएल फोल्डरात डेबियन-डॉट-सीएनएफ नावाची फाइल असते. मायएसक्यूएल बसवलेलं असेल तर तिच्यात ‘डेबियन-सिस-मेंट’ या खात्याचा पासवर्ड उघड लिहिलेला सापडतो, आणि त्या खात्याला सगळे हक्क असतात. त्यातून आत जा, रूटचा पासवर्ड बदला, बाहेर या. सर्व्हर बंद करायचीही गरज नाही. रेड हॅटच्या घराण्यातल्या लिनक्सवर मायएसक्यूएल ५.७ किंवा त्यापुढचं नुकतंच बसवलं असेल तर पहिल्यांदा सुरू होताना तयार झालेला तात्पुरता पासवर्ड एरर लॉगमध्ये असतो. लॉगमध्ये ‘टेम्पररी पासवर्ड’ शोधा.

एक छुपा शत्रू म्हणजे # हे हॅशचं चिन्ह (वरच्या पासवर्डाच्या हॅशशी याचा संबंध नाही). माय-डॉट-सीएनएफमध्ये ओळीच्या मध्येही हॅश आला की तिथून पुढचं सगळं कॉमेंट धरलं जातं. पासवर्डात ते चिन्ह असेल आणि अवतरणचिन्हं घातली नसतील तर सर्व्हरकडे अर्धाच पासवर्ड जातो. माणूस फाइलकडे बघून छातीठोक सांगतो की पासवर्ड बरोबर आहे, आणि त्याचं खरंही असतं. तसंच बॅश शेलमध्ये दुहेरी अवतरणात डॉलरचं चिन्ह असलं की शेल त्याचा स्वतःचा अर्थ लावून मोकळा होतो.

डॉकरवाल्यांची, म्हणजे सर्व्हर कंटेनर नावाच्या बंद डब्यात चालवणाऱ्यांची, गंमत वेगळीच. मायएसक्यूएलच्या अधिकृत इमेजमधलं ‘मायएसक्यूएल रूट पासवर्ड’ किंवा पोस्टग्रेसच्या इमेजमधलं ‘पोस्टग्रेस पासवर्ड’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल फक्त पहिल्यांदा, डेटा फोल्डर रिकामं असतानाच वाचलं जातं. नंतर कंपोज फाइलमध्ये ते कितीही वेळा बदला, जुन्या व्हॉल्यूमला (डेटा साठवलेल्या जागेला) त्याचं काही नाही. लोक ते बदलतात, कंटेनर पुन्हा उभा करतात, तरी लॉगिन होत नाही, आणि मग कोणीतरी ‘व्हॉल्यूम उडवून बघ’ असा सल्ला देतं. व्हॉल्यूम उडवला की पासवर्ड चालतो, हे खरं. डेटाही जातो. पोस्टग्रेसच्या इमेजमध्ये कंटेनरच्या आतून येणाऱ्या लोकल कनेक्शनला मुळात पासवर्ड विचारलाच जात नाही. डॉकर एक्झेकने आत शिरून पीएसक्यूएल चालवलं की काम झालं.

दार उघडण्याआधी

तीन गोष्टी करा, घाई असली तरी.

ॲप्लिकेशन थांबवा, निदान मेंटेनन्सचं पान लावा. मायएसक्यूएल आणि एसक्यूएल सर्व्हरला रिस्टार्ट लागणारच आहे; कनेक्शन मध्येच तुटण्यापेक्षा आपण सांगून तोडलेली बरी.

डेटाबेसची सर्व्हिस रीतसर बंद झाली की डेटा फोल्डरची एक प्रत बाजूला काढा. ॲडमिन पासवर्ड नसल्यामुळे डंप (सर्व्हरकडून आज्ञेने काढलेली डेटाची प्रत) घेता येत नसला तरी बंद सर्व्हरच्या फाइल्सची प्रत घेता येते. पण सर्व्हर चालू असताना घेतलेली प्रत भरवशाची नसते, आणि ‘किल डॅश नाइन’ने पाडून घेतलेली तर नकोच. बंद व्हायला वेळ लागत असेल तर लागू द्या.

तिसरं, मूळ कॉन्फिग फाइलची प्रत. ही सगळ्यांत छोटी आणि सगळ्यांत जास्त विसरली जाणारी. काम संपल्यावर मूळ फाइल आणि आत्ताची फाइल यांच्यात डिफ चालवला आणि काहीच फरक दिसला नाही, तरच दार लागलं असं समजायचं.

मायएसक्यूएल: आधी इनिट फाइलची वाट

इंटरनेटवर जिथे पाहावं तिथे ‘स्किप ग्रँट टेबल्स’ (हक्क न तपासता सर्व्हर चालवणं) सांगितलेलं असतं. मी ते दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो. पहिली पसंती इनिट फाइलला (सुरू होताना सर्व्हर जिच्यातल्या आज्ञा चालवतो ती फाइल), कारण तिच्यात सर्व्हर एक क्षणही बिनकुलपाचा राहत नाही.

सर्व्हिस बंद करा: सुडो सिस्टिमसीटीएल स्टॉप मायएसक्यूएल. रेड हॅटच्या घराण्यात सर्व्हिसचं नाव शेवटी ‘डी’ लावून, मायएसक्यूएलडी असं असतं.

आता एक साधी टेक्स्ट फाइल तयार करा आणि तिच्यात एकच ओळ लिहा: ऑल्टर यूझर 'रूट'@'लोकलहोस्ट' आयडेंटिफाइड बाय 'नवा पासवर्ड', शेवटचा अर्धविराम विसरू नका. ही ओळ एडिटर उघडूनच लिहा. ‘इको’ वापरून फाइल बनवलीत तर नवा पासवर्ड शेलच्या हिस्टरीत जाऊन बसतो. फाइलची मालकी मायएसक्यूएल यूझरकडे द्या आणि परवानगी ६०० ठेवा. फाइल होम फोल्डरात ठेवली तर उबुंटूवर ॲपआर्मर (कुठल्या प्रोग्रॅमने काय वाचावं हे ठरवणारी व्यवस्था) ती सर्व्हरला वाचू देत नाही. परवानग्या बरोबर दिसतात, तरी लॉगमध्ये ‘परमिशन डिनाइड’ येतं आणि माणूस चक्रावतो. व्हार-लिबखालचं मायएसक्यूएल-फाइल्स हे फोल्डर त्यातल्या त्यात बिनत्रासाचं.

कॉन्फिग फाइलमध्ये चौकटी कंसातल्या मायएसक्यूएलडी या विभागाखाली ‘इनिट-फाइल’ बरोबर त्या फाइलचा पूर्ण पत्ता, अशी ओळ घाला आणि सर्व्हिस सुरू करा. सुरू होताना सर्व्हर ती ओळ स्वतःच चालवतो. दुसऱ्या टर्मिनलवरून नव्या पासवर्डने लॉगिन करून बघा. झालं? मग कॉन्फिगमधली ओळ काढा, फाइल पुसा, सर्व्हिस पुन्हा एकदा रिस्टार्ट करा.

हा शेवटचा रिस्टार्ट टाळू नका. फाइल पुसली पण कॉन्फिगमधली ओळ राहिली, तर पुढच्या रिस्टार्टला सर्व्हर फाइल सापडत नाही म्हणून उठणारच नाही. आणि दोन्ही राहिले तर त्याहून विचित्र: सहा महिन्यांनी कोणीतरी शिस्तीत रूटचा पासवर्ड बदलतो, काही दिवसांनी मशीन रिबूट होतं, आणि पासवर्ड गुपचूप जुन्यावर गेलेला असतो. शोधणाऱ्याला भुताटकी वाटते.

विंडोजवरही हीच वाट सोपी पडते. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा, सर्व्हिसेसमधून मायएसक्यूएल बंद करा, आणि सर्व्हरचा प्रोग्रॅम ‘डॅश डॅश इनिट-फाइल’ देऊन हाताने चालवा. इन्स्टॉलरने बसवलेलं असेल तर ‘डॅश डॅश डिफॉल्ट्स-फाइल’ देऊन माय-डॉट-आयएनआयचा पत्ताही सांगावा लागतो, आणि तो पर्याय सगळ्यांत आधी लिहावा लागतो.

स्किप ग्रँट टेबल्स, गरज पडली तरच

रूट खातंच कोणी पुसलं असेल किंवा नेमकं काय बिघडलंय ते आत जाऊन बघायचं असेल, तर मात्र ही वाट घ्यावी लागते. हा पर्याय दिला की सर्व्हर हक्कांची टेबलं वाचतच नाही. जो येईल तो राजा. म्हणून त्याच्या जोडीला ‘स्किप-नेटवर्किंग’ हवंच. मायएसक्यूएल ८.० हे स्वतःहून करतं, ५.७ आणि त्याआधीच्या आवृत्त्यांत, तसंच मारियाडीबीमध्ये, ते आपण लिहायचं. ते विसरलात तर तेवढा वेळ नेटवर्कवरचा कोणीही बिनपासवर्डाचा रूट असतो.

दोन्ही ओळी मायएसक्यूएलडी विभागात घाला, सर्व्हिस सुरू करा, आणि पासवर्ड न देता मायएसक्यूएल क्लायंट चालवा. आत गेल्यावर पासवर्डाला लगेच हात लावू नका, आधी खाती बघा: सिलेक्ट यूझर, होस्ट, प्लगइन फ्रॉम मायएसक्यूएल डॉट यूझर. मायएसक्यूएलमध्ये खातं म्हणजे नाव अधिक होस्ट. 'रूट'@'लोकलहोस्ट' आणि 'रूट'@'%' ही दोन वेगळी माणसं आहेत, त्यांचे पासवर्ड वेगळे असू शकतात. एकाचा बदलायचा आणि दुसऱ्याने लॉगिन करून बघत बसायचं, हे मीही केलंय. त्याच टेबलात ‘अकाउंट लॉक्ड’ आणि ‘पासवर्ड एक्स्पायर्ड’ हे रकानेही बघून घ्या. कधी पासवर्ड बरोबर असतो आणि खातंच कुलूपबंद असतं.

मग आधी ‘फ्लश प्रिव्हिलेजेस’, त्यानंतर ऑल्टर यूझर. क्रम उलटा केलात तर एरर १२९० येतो: सर्व्हर स्किप ग्रँट टेबल्समध्ये आहे, ही आज्ञा चालणार नाही. फ्लश केल्याक्षणी हक्कांची व्यवस्था पुन्हा जागी होते, म्हणजे नव्या कनेक्शनला पासवर्ड लागायला लागतो. तेव्हा फ्लश आणि ऑल्टर यांच्यामध्ये ही खिडकी बंद करू नका. एरर १८१९ आला तर पासवर्ड धोरणाला पुरेसा मजबूत वाटत नाहीये. धोरण सैल करण्यापेक्षा पासवर्ड लांब करा. एरर १३९६ म्हणजे त्या नाव-होस्टच्या जोडीचं खातंच नाही.

जुने लेख वाचून यूझर टेबलावर थेट अपडेट चालवू नका. ‘पासवर्ड’ हा रकाना ५.७ मध्ये गेला, त्याच्या जागी ‘ऑथेंटिकेशन स्ट्रिंग’ आला. पासवर्ड नावाचं फंक्शनही ८.०.११ मध्ये काढून टाकलं. मग काही जण ऑथेंटिकेशन स्ट्रिंगमध्ये सरळ साधा पासवर्ड लिहून मोकळे होतात. सर्व्हर तिथे हॅश अपेक्षितो, त्यामुळे आता कुठलाच पासवर्ड चालत नाही, आगीतून फुफाट्यात. मारियाडीबीत १०.४ पासून यूझर हे टेबलच राहिलेलं नाही, तो नुसता व्ह्यू आहे आणि खरी माहिती ‘ग्लोबल प्रिव्ह’मध्ये असते. ऑल्टर यूझर दोन्हीकडे चालतं. तेच वापरा.

बाहेर येताना दोन्ही ओळी काढा, रिस्टार्ट करा, आणि पासवर्ड न देता लॉगिनचा प्रयत्न करा. नकार मिळाला पाहिजे. नव्या पासवर्डने आत जाता येतं हे सगळेच तपासतात. पासवर्डाशिवाय जाता येत नाही, हे तपासायचं राहून जातं.

पोस्टग्रेस: ट्रस्टची गरज नसते

पोस्टग्रेसमध्ये कोणाला कसं आत घ्यायचं हे पीजी-एचबीए-डॉट-कॉन्फ ही फाइल ठरवते. डेबियनच्या घराण्यात ती ईटीसीखालच्या पोस्टग्रेसच्या फोल्डरात आवृत्तीच्या क्रमांकाखाली असते, इतरत्र बहुधा डेटा फोल्डरातच. फाइल वरून खाली वाचली जाते आणि जुळणारी पहिली ओळ अंतिम. ती ओळ नापास झाली तर सर्व्हर पुढच्या ओळीकडे जात नाही. फाइलच्या तळाशी नवी ओळ जोडून ‘काही फरक पडत नाही’ म्हणणाऱ्यांचं उत्तर इथे आहे.

लिनक्सवर आधी एवढंच करून बघा: सुडो डॅश यू पोस्टग्रेस पीएसक्यूएल. पीअर पद्धत (लिनक्सच्या यूझरवरून ओळख पटवणं) शाबूत असेल तर सरळ आत. तिथे बॅकस्लॅश पासवर्ड हा आदेश द्या. नवा पासवर्ड दोनदा विचारला जाईल. ऑल्टर रोलपेक्षा हा बरा, कारण पासवर्डाचा हॅश क्लायंटकडेच बनतो आणि साधा पासवर्ड सर्व्हरच्या लॉगमध्ये उमटत नाही.

कोणीतरी पीअर काढून टाकलेलं असेल तर सगळीकडे सल्ला मिळतो, ‘ट्रस्ट कर’. लिनक्सवर मला तो पटत नाही. ट्रस्ट म्हणजे त्या मशीनवरचा कुठलाही यूझर पोस्टग्रेसचा सुपरयूझर. त्याऐवजी फाइलच्या अगदी वर ‘लोकल ऑल पोस्टग्रेस पीअर’ अशी ओळ घाला. दार उघडतं, पण फक्त पोस्टग्रेस या ऑपरेटिंग सिस्टिमच्या यूझरसाठी, आणि तो व्हायला सुडो लागतंच. मग सिस्टिमसीटीएल रिलोड पोस्टग्रेसक्यूएल. रिस्टार्ट नको, चालू कनेक्शन तुटत नाहीत. ही ओळ नंतर राहिली तरी आभाळ कोसळत नाही.

विंडोजवर पीअर नाही, तिथे बहुधा ट्रस्टच वापरावा लागतो. लिहायचंच तर फक्त पोस्टग्रेस यूझरपुरतं आणि फक्त १२७.०.०.१/३२ साठी लिहा, सोबत आयपी-व्ही-सिक्सचा ::१/१२८ हा पत्ताही, कारण लोकलहोस्ट कधी कधी त्यावरून जातो. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की विंडोजवर या फाइलमधला बदल पुढच्या नव्या कनेक्शनपासून आपोआप लागू होतो. सेव्ह दाबलंत की दार उघडलं. चहा नंतर.

तीन अडचणी वारंवार दिसतात. एक, रोलवर (पोस्टग्रेसमधल्या खात्यावर) ‘व्हॅलिड अन्टिल’ची तारीख टाकलेली असते आणि ती उलटून गेलेली असते. बाहेरून तो चुकीचा पासवर्डच वाटतो. बॅकस्लॅश डीयू दिल्यावर तारीख दिसते. ती ‘इन्फिनिटी’ करा. दुसरी, आवृत्ती १४ पासून पासवर्ड मुळात स्क्रॅम-शा-२५६ पद्धतीने साठवले जातात. पूर्वी एमडी-५ मध्ये असलेला पासवर्ड तुम्ही नव्याने बसवलात की तो स्क्रॅममध्ये जातो, आणि जुनाट ड्रायव्हर वापरणारं एखादं ॲप्लिकेशन त्याच क्षणी बंद पडतं. पासवर्ड बरोबर, ड्रायव्हर म्हातारा. तिसरी, क्वचित: एकही सुपरयूझर उरलेला नसतो. त्यावर सिंगल यूझर मोड आहे; सर्व्हर बंद करून पोस्टग्रेस या ऑपरेटिंग सिस्टिमच्या यूझरने ‘पोस्टग्रेस डॅश डॅश सिंगल’ चालवायचं, पुढे डेटा फोल्डर आणि डेटाबेसचं नाव. तिथे तुम्हाला सुपरयूझरचे हक्क आपोआप मिळतात.

एसक्यूएल सर्व्हर: एकाच माणसाची खोली

२००८ च्या आवृत्तीपासून विंडोजचे ॲडमिनिस्ट्रेटर आपोआप डेटाबेसचे ॲडमिन होत नाहीत. त्यामुळे ‘एसए’चा (मूळ ॲडमिन खात्याचा) पासवर्ड ज्याच्याकडे होता तो नोकरी सोडून गेला की घोडं अडतं. वाट अशी: सर्व्हर सिंगल यूझर मोडमध्ये सुरू केला की मशीनच्या लोकल ॲडमिनिस्ट्रेटर गटातला माणूस सिसॲडमिन (सगळे हक्क असलेला) म्हणून जोडला जातो.

अडचण ‘सिंगल’ या शब्दात आहे. जागा एकच, आणि एसक्यूएल सर्व्हर एजंट किंवा सतत कनेक्ट होऊ बघणारं ॲप्लिकेशन ती तुमच्याआधी पटकावतं. मग तुम्हाला एरर १८४६१. म्हणून आधी एजंट बंद करा, आणि सर्व्हर सुरू करताना जागा कोणासाठी राखून ठेवायची तेही सांगा. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टवर ‘नेट स्टॉप’ आणि सर्व्हिसचं नाव. मग ‘नेट स्टार्ट’, सर्व्हिसचं नाव आणि पुढे ‘स्लॅश एम एसक्यूएलसीएमडी’. आता फक्त एसक्यूएलसीएमडी या नावाच्या क्लायंटलाच प्रवेश. सर्व्हिसचं मूळ नाव एमएसएसक्यूएलसर्व्हर. नाव दिलेली इन्स्टन्स असेल तर एमएसएसक्यूएल, डॉलरचं चिन्ह आणि इन्स्टन्सचं नाव.

एसक्यूएलसीएमडी डॅश ई देऊन आत जा. ऑल्टर लॉगिन एसए विथ पासवर्ड बरोबर नवा पासवर्ड; मग ऑल्टर लॉगिन एसए एनेबल; प्रत्येकानंतर नव्या ओळीवर ‘गो’. माझा कल मात्र एसएला हात न लावण्याकडे आहे: क्रिएट लॉगिनने तुमचं विंडोज खातं आत घ्या आणि ऑल्टर सर्व्हर रोलने त्याला सिसॲडमिनमध्ये टाका. पासवर्डच नाही, तर हरवणार काय? सर्व्हिस पुन्हा बंद करून साधी सुरू करा. नेट स्टार्टला दिलेला पर्याय त्या एका वेळेपुरताच असतो, म्हणून कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये स्टार्टअप पॅरामीटर लिहिण्यापेक्षा ही पद्धत सुरक्षित.

एरर १८४५६ येत राहिला तर क्लायंटकडे दिसणारा ‘स्टेट’ हा आकडा उपयोगाचा नाही, तो मुद्दाम लपवलेला असतो. खरा आकडा सर्व्हरच्या एरर लॉगमध्ये. ८ असेल तर पासवर्ड चुकला. ५८ असेल तर सर्व्हर फक्त विंडोज लॉगिन घेतोय, एसएचा पासवर्ड कितीही बरोबर असो.

लिनक्सवरच्या एसक्यूएल सर्व्हरला हे काही लागत नाही. सर्व्हिस बंद करा, एमएसएसक्यूएल-कॉन्फला सेट-एसए-पासवर्ड सांगा, सुरू करा.

बाकीचे थोडक्यात

ओरॅकलमध्ये डीबीए गटातल्या लिनक्स यूझरने (विंडोजवर ओआरए-डीबीए गट) एसक्यूएलप्लस, स्लॅश, ॲज सिसडीबीए असं लिहिलं की पासवर्ड न विचारता प्रवेश मिळतो. मग ऑल्टर यूझर.

मोंगोडीबीत कॉन्फिगमधलं ऑथरायझेशन तात्पुरतं बंद करून, बाइंड आयपी १२७.०.०.१ वर आणून रिस्टार्ट करायचं आणि चेंज यूझर पासवर्ड चालवायचं. रेप्लिका सेट (एकाच डेटाच्या प्रती ठेवणारे अनेक सर्व्हर) असेल तर नुसतं एवढं पुरत नाही, कारण की-फाइल (ते सर्व्हर एकमेकांना ओळखण्यासाठी वापरतात ती फाइल) असली की ऑथरायझेशन आपोआप चालू होतं.

क्लाउडवरच्या मॅनेज्ड डेटाबेसमध्ये यातलं काहीच करता येत नाही आणि करायचंही नाही. मशीन तुमच्या हातात नाही, पण कन्सोल आहे. तिथे मास्टर पासवर्ड बदलण्याची सोय असते.

दार लावल्यानंतरची पंचाईत

एकदा असाच रूटचा पासवर्ड बदलला. सगळं पाहिलं, ॲप्लिकेशन व्यवस्थित चाललं, काम बंद केलं. तीन आठवड्यांनी एका टेबलाची जुनी प्रत हवी म्हणून बॅकअपचं फोल्डर उघडलं. फाइल्स रोजच्या रोज होत्या, नावं बरोबर, तारखा बरोबर. पासवर्ड बदलला त्या दिवसापासूनच्या प्रत्येक फाइलचा आकार २० बाइट.

बॅकअपची स्क्रिप्ट रूटचा जुना पासवर्ड वापरत होती. मायएसक्यूएलडंपला नकार मिळत होता, तो एक ओळही न लिहिता परत फिरत होता, आणि पाइपच्या (एका आज्ञेचं आउटपुट दुसरीला देणाऱ्या जोडणीच्या) दुसऱ्या टोकाला बसलेला जीझिप त्या शून्याला इमानदारीने दाबून फाइल बनवत होता. काहीच आत न देता जीझिप चालवलं तर तयार होणारी फाइल बरोबर २० बाइटांची असते. पाइपचा निकाल शेवटच्या आज्ञेवर ठरतो, जीझिप यशस्वी झालेला, म्हणून क्रॉनच्या लेखी सगळं आलबेल. एररची ओळ स्क्रिप्टच्या लेखकाने डेव्ह-नलकडे (जिथे काहीही टाकलं तरी नाहीसं होतं) वळवून ठेवली होती. तो लेखक मीच.

तेव्हापासून पासवर्ड बदलला की त्याच दिवशी बॅकअप हाताने चालवतो आणि तयार झालेली फाइल उघडून बघतो. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळींत ‘सेट डॅश ओ पाइपफेल’ असतं, म्हणजे पाइपमधली कुठलीही आज्ञा फसली की निकाल अपयशी धरला जातो. बॅकअपसाठी रूट नाही, फक्त वाचण्याचे हक्क असलेलं वेगळं खातं. मॉनिटरिंगसाठी आणखी वेगळं.

रूटचा पासवर्ड आणखी कोण कोण वापरतंय हे शोधायचं असेल तर बदलल्यानंतर दिवसभर एरर लॉगवर नजर ठेवा. मायएसक्यूएलमध्ये नाकारलेली लॉगिन्स नोंदवली जावीत म्हणून ‘लॉग-एरर-व्हर्बॉसिटी’ ३ वर ठेवावी लागते. पोस्टग्रेस ती मुळातच लिहितं. मायएसक्यूएलमध्ये प्रत्येक नकारासोबत कुठल्या मशीनवरून प्रयत्न झाला तेही कळतं; पोस्टग्रेसमध्ये त्यासाठी ‘लॉग-लाइन-प्रिफिक्स’मध्ये %h घालावं लागतं. त्यातली काही मशीन ओळखीची निघतील, काहींबद्दल चौकशी करावी लागेल.

नवा पासवर्ड पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवताना तो तिथून कॉपी करून एकदा लॉगिन करून बघा. टाइप करताना एक अक्षर चुकलेलं असेल तर ते आजच कळेल. आणि ॲडमिनचं दुसरं खातं, वेगळ्या नावाने आणि वेगळ्या माणसाकडे, आत आहात तोवरच बनवून ठेवा.